गोधडीतला सूर्य

एप्रिलमध्ये सकाळी आठच्या उन्हात आमच्या गच्चीवर कुणी डोक्यावरून गोधडी घेऊन बसलेलं दिसलं, तर सोसायटीत आता कुणी दचकत नाही. पहिल्या दिवशी दचकले होते. वॉचमन टाकीचा कॉक बंद करायला वर आला, गोधडीच्या तोंडाशी वाकला आणि आजाऱ्याशी बोलावं तसं हळूच म्हणाला, "काका, वाफ घेताय का?"

"नाही रे, सूर्याचा फोटो काढतोय."

तो जरा थांबला. "निलगिरीचे दोन थेंब टाका. लवकर मोकळं होतं."

त्याचं काही चुकलं नाही. सूर्याचा फोटो काढायला अंधार लागतो हे मलाही साठी ओलांडल्यावरच कळलं. दुर्बीण उन्हात, दुर्बिणीच्या बुडाला कॅमेरा, कॅमेऱ्याची वायर लॅपटॉपला, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर उन्हात दिसतो तो फक्त आपलाच घामेजलेला चेहरा. पुठ्ठ्याचं खोकं लावून पाहिलं. छत्री बांधून पाहिली. ती उडून शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीत पडली आणि त्यांनी ती ठेवून घेतली. शेवटी आईच्या हातची गोधडी कामाला आली. आत अंधार छान पडतो. इडल्या होतील एवढी वाफही धरते, म्हणजे वॉचमनचं निदान अगदीच वाया गेलं नाही.

हा नाद लावला मुलाने. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा त्याने ८० मिलिमीटरची एक दुर्बीण आणून दिली. तारे बघायचे म्हणजे रात्री जागायला हवं, आणि माझी मान साडेनऊला पडते. शिवाय पुण्याच्या आकाशात रात्री तारे कमी आणि दिवे जास्त. दिवसा, नाश्ता झाल्यावर, कुणालाही न विचारता सापडणारा एकच तारा उरला. तो मी घेतला.

मुलाची अट एकच होती. तोंडावर सौर फिल्म बसवल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही. चांदीच्या वर्खासारखी दिसणारी ही फिल्म उजेडाचा लाखातला एक भाग आत सोडते, बाकीचा दारातून परत. ती निघाली तर कॅमेरा जातो, आणि डोळा लावलेला असेल तर डोळा. बँकेत लॉकरच्या किल्ल्या सांभाळल्या त्याच इमानाने मी ती सांभाळतो. चारी बाजूंनी चिकटपट्टी, वरून रबर, आणि वारा असेल तर रामरक्षा.

पहिला फोटो बघून ही म्हणाली, "यावर रवा का सांडलाय?"

"त्याला नॉइज म्हणतात. उजेड कमी पडला की येतो."

"सूर्याला उजेड कमी पडला?"

या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे, पण ते देताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. लाखातले नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव आपणच दारातून हाकलले. उरलेल्या एकाला कॅमेऱ्यात किती वेळ बसू देतो, तर सेकंदाचा हजारावा भाग. त्याहून जास्त वेळ दिला तर हवा थरथरून चित्र पुसून टाकते. म्हणजे पगार वाटेतच वाटून टाकायचा आणि वाण्याच्या दुकानात उभं राहून खिसे चाचपायचे. त्यात सूर्यावर बघायचं काय, तर हजारेक किलोमीटरचे तापलेल्या वायूचे दाणे. दाणा आणि दोन दाण्यांमधली रेघ यांच्या उजेडात फरक थोडका. वर रवा सांडला की दाणा कुठला आणि रवा कुठला, ते सूर्यालाही सांगता येणार नाही.

हवेचं तर विचारूच नका. १५ कोटी किलोमीटर उजेड निमूट येतो. ८ मिनिटं २० सेकंद, कुठे अडखळणं नाही. अगदी शेवटच्या काही मीटरमध्ये आमच्या सोसायटीचा स्लॅब लागतो. नऊ वाजता स्लॅब तापला की सूर्याची कड उकळत्या पातेल्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखी लुकलुकते. फार लवकर जावं तर सूर्य समोरच्या बिल्डिंगच्या मागे. मधे पाऊण तासाची फट मिळते, पावणेआठ ते साडेआठ. नेमकं त्याच वेळात आमच्याकडे नळाला पाणी येतं, दूधवाला हिशेबाला येतो आणि गच्चीवर वाळवणं पडतात.

वाळवणांपुढे खगोलशास्त्राचं काही चालत नाही. चैत्र-वैशाखात गच्ची बायकांची असते. जुन्या साड्यांवर कुरडया, सांडगे, उडदाचे पापड. सूर्य एकच आणि गिऱ्हाइकं दोन, त्यात माझी उधारी. मला टाकीच्या मागे दोन बाय दोनची जागा मिळाली, तीही अटींवर. दुर्बिणीच्या तिपाईची सावली कुरडईवर पडता कामा नये. आणि बसलोच आहे तर कावळे हाकायचे.

"अगं, गोधडीतून मला कावळे कसे दिसतील?"

"पंधरा कोटी किलोमीटरवरचं दिसतं ना?"

सेक्रेटरीही एकदा वर आले. गोधडीभोवती फेरी मारून म्हणाले, "आपल्या आयुकाच्या लोकांनी तर आदित्य यानावर दुर्बीण बसवून पाठवली, १५ लाख किलोमीटरवर. मग तुम्ही परत कशाला काढताय?" यावर काय बोलणार? ती दुर्बीणही पुण्याचीच, पण तिला ना स्लॅब आहे, ना कुरडया, ना सेक्रेटरी. मला तिचा मत्सर वाटतो.

तर रव्यावर उपाय असा. एका फोटोऐवजी छोटा व्हिडिओ घ्यायचा, म्हणजे दोन हजार फोटो. प्रत्येकात सूर्य तोच, रवा मात्र दर वेळी वेगळ्या जागी सांडलेला. सगळे एकावर एक रचून सरासरी काढली की सूर्य शिल्लक राहतो आणि रवा एकमेकांत जिरून जातो. याला स्टॅकिंग म्हणतात. हिशेब वर्गमुळाचा आहे. शंभर फ्रेम रचल्या की नॉइज दहापट कमी, चारशे रचल्या की वीसपट. दुप्पट फायद्याला चौपट कष्ट. इतका कंजूष दर मी बचत खात्यानंतर इथेच पाहिला.

हे काम करणारी ऑटोस्टॅकर्ट आणि रेजिस्टॅक्स ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आणि दोन्ही नेदरलँड्सच्या माणसांनी लिहिली आहेत. त्यांच्याकडे सूर्य पाहुण्यासारखा येतो, म्हणून आलेला असताना त्याची नीट नोंद ठेवायची सोय त्यांनी केली. ती वापरतो मी, ज्याच्या डोक्यावर तो आठ महिने ठाण मांडून बसलेला असतो.

सॉफ्टवेअर आधी प्रत्येक फ्रेमला गुण देतं आणि चांगल्या-वाईटाची रांग लावतं. मी दहा टक्के घेतो. दोनशे अर्ज मंजूर, अठराशे नामंजूर, शेरा 'हवा हलली'. कर्ज विभागातले दिवस आठवतात. दोनशेचं वर्गमूळ चौदाच्या घरात, म्हणजे रवा चौदापट कमी. मग जे चित्र येतं ते साजूक, गुळगुळीत आणि जरा झोपाळलेलं असतं. त्याला जाग आणायला धार लावायच्या पट्ट्या असतात. पट्टी सरकवली की डागांच्या कडा उमटतात. अजून सरकवली की दाणे दिसायला लागतात. इथे थांबायचं असतं. इथे आजवर कुणी थांबलेलं नाही. लोणच्यात मीठ आणि लग्नाच्या यादीत नावं, तसंच हे: एवढं आलंय तर अजून थोडं. अजून थोडं केलं की जे दाणे सूर्यावर कधीच नव्हते तेही दिसायला लागतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना दाखवलं. म्हणाल्या, "हा असा पांढरा का? अशक्त दिसतोय." खरं तर वातावरणाबाहेरून सूर्य पांढराच दिसतो, आणि माझा कॅमेरा कृष्णधवल आहे. पण आजींना वाईट वाटायला नको म्हणून घरी येऊन नारिंगी रंग चढवला आणि तो धार लावलेला, दाणेदार, नारिंगी गोळा घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत चुलतभावाचं उत्तर आलं, "वहिनी, थालीपीठ खमंग दिसतंय. लोणी कुठाय?" त्याच्या खाली अकरा जणांनी अंगठे वर केले. ही सगळ्यांचे आभार मानून मोकळी झाली.

एका व्हिडिओला साधारण साडेचार जीबी लागतात. पंधरा दिवसांत लॅपटॉप भरला. नामंजूर अठराशे फ्रेम टाकून द्यायच्या असतात, पण टाकवत नाहीत. न जाणो, उद्या त्यातली एखादी लागेल! ही रोजच्या दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यामागच्या टाइल्सला चिकटवून वाळवते आणि गठ्ठे करून ठेवते. एकदा मी तिला त्यावरून बोललो.

"माझ्या निदान धुतलेल्या असतात," ती म्हणाली.

वर्गमुळाच्या या नियमावर माझी फार श्रद्धा बसली होती. वाटलं, संसारात सगळीकडे हाच लावावा. एकाच लग्नाची हकिगत सोळा नातेवाइकांकडून ऐकली तर खोटेपणा चौपट कमी व्हायला हवा. पण आमच्या मामांनी या श्रद्धेला तडा दिला. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण आपण पुण्यातून पाहिलं, भर दुपारी तारे दिसले, कोंबडे आरवले, असं मामा सांगतात. ते ग्रहण खग्रास दिसलं कारवारकडे, रायचूरकडे. पुण्यात खंडग्रासच होतं, आणि लोक दारं लावून घरात बसले होते. मामांकडून ही गोष्ट मी आजवर चारशे वेळा तरी ऐकली असेन. नियमाप्रमाणे नॉइज वीसपट कमी झाला. पूर्वी कधी तीन तारे असायचे, कधी पाच. आता नक्की चार असतात. थाप मात्र जागची हलली नाही, उलट लख्ख झाली.

हे त्याच वेळी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

झालं असं, की सुरुवातीला माझी तिपाई साधी होती. पृथ्वी फिरते, त्यामुळे सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. मी डाव्या हाताने दुर्बीण ढकलत, उजव्या हाताने माऊस धरत आणि तोंडाने कावळे हाकत होतो. मग मोटर लावलेलं माउंट घेतलं. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो, आणि दिवसा ध्रुव दिसत नाही; होकायंत्र आणि पुण्याचे साडेअठरा अंश अक्षांश यांवर भागवावं लागतं. दहा दिवस झटलो. अखेर सूर्य चौकटीच्या मधोमध असा खिळून राहिला, की कॅलेंडरवर छापल्यासारखा.

त्याच दिवशी मला माझा डाग सापडला.

मध्याच्या जरा उजवीकडे, काळाभोर, गोल, भोवती फिकट कडा. पुस्तकात सौरडागाची आकृती असते तशी. दोनशे फ्रेम रचल्या, आणखी स्वच्छ झाला. चारशे रचल्या, देखणा झाला. मोजला तर दहा पिक्सेल. माझ्या फोटोत एक पिक्सेल म्हणजे साडेबाराशे किलोमीटर, म्हणजे डागाची रुंदी साडेबारा हजार. जवळजवळ आपली पृथ्वी! मी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटलो. इस्त्रीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "डागाचे वेगळे पैसे पडतात."

ही म्हणाली, "काचेवर कचरा असेल."

मी हसलो. मोठ्या माणसांना घरात असंच ऐकावं लागतं.

सूर्य पृथ्वीवरून पाहताना २७ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे त्यावरचे डाग रोज थोडे सरकतात. बाकीचे डाग सरकत होते. माझा नऊ दिवस जागचा हलला नाही. शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मला वाटलं, सूर्यावरचा हा पहिला अढळ डाग. शीर्षकासकट टिपण लिहिलं आणि हौशी मंडळातल्या एका जुन्या जाणत्या सरांना पाठवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: कॅमेरा नव्वद अंशात फिरवून बघा.

चार दिवस मी कॅमेरा फिरवला नाही. एकदा स्क्रू घट्ट होता, एकदा ढग होते, एकदा नव्वद म्हणजे नक्की कुठल्या बाजूने हे सरांनी लिहिलं नव्हतं. या गोष्टी माणूस का टाळतो ते ज्याला डॉक्टरांनी 'एकदा साखर तपासून घ्या' म्हटलंय त्याला विचारा. जर्मनीतल्या क्रिस्टोफ शायनर नावाच्या जेझुइट पाद्र्याने १६११ मध्ये सूर्यावर डाग पाहिले, तेव्हा त्याने आधी दोष आपल्या डोळ्यांत नाही ना, काचेत नाही ना, म्हणून निरनिराळ्या दुर्बिणींतून पाहून खात्री करून घेतली. पुढे त्या डागांना तो सूर्याभोवती फिरणारे उपग्रह समजून बसला ती गोष्ट वेगळी, पण काच आधी तपासली होती. मी त्याच्यानंतर चारशे वर्षांनी सूर्य बघायला बसून तेवढंही केलं नव्हतं.

पाचव्या दिवशी फिरवला. बाकीचे सगळे डाग इमानाने नव्वद अंश वळले. माझा जिथल्या तिथे.

धूळ. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बसलेला, मिलिमीटरच्या सहा शतांशाएवढा कण, केसाच्या जाडीचा. रवा दर फ्रेमला जागा बदलतो म्हणून सरासरीत मरतो. धूळ मामांसारखी असते, दर वेळी तेच आणि तिथेच. माझी जुनी तिपाई गचाळ होती तोवर सूर्य चौकटीत भटकायचा, रचताना धूळ पसरून पुसट व्हायची आणि कुणाला दिसायची नाही. मी मोटर आणली, शिस्त आणली, सूर्य मधोमध खिळवला, आणि एका कणाला दोन-दोन हजार वेळा नेमक्या जागी बसवून त्याची पृथ्वी केली.

हिला सांगितलं. ती पापडाच्या लाट्या करत होती. वर न बघता म्हणाली, "उडदाचं पीठ असेल. त्या दिवशी मी पापड झटकत होते तेव्हा तुम्ही ते उघडून बसला होतात."

सरांना विचारलं, पुसू का? ते म्हणाले, आत्ता नको. आधी फ्लॅट घ्या, म्हणजे जुने फोटोही वाचतील. फ्लॅट म्हणजे कोऱ्या उजेडाचा फोटो, ज्यात सूर्य नाही, फक्त आपली धूळ आहे. सूर्याच्या चित्राला त्याने भागलं की धूळ वजा. फिल्म तशीच ठेवून तिच्यावर उजेड पसरवणारा पांढरा प्लास्टिकचा कागद लावायचा, आणि कॅमेऱ्याचं झाकण जास्त वेळ उघडं ठेवायचं. असा कागद मी बाजारात दोन तास शोधला. मग ओट्यापाशी गेलो आणि टाइलवरून एक पिशवी सोलली. कडेने कापली, उलटी केली, दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बांधली. छापलेली अक्षरं फोटोत येतील म्हणून धास्ती होती, पण तोंडावरची वस्तू फोकसच्या इतकी बाहेर असते की अक्षरं विरघळून गेली. भागाकार केला. माझी पृथ्वी नाहीशी झाली.

"लागली ना पिशवी?" ही म्हणाली, आणि पुढे दोन दिवस काहीच म्हणाली नाही. हे जास्त वाईट.

मग मला वेडच लागलं. एप्रिलचे सगळे व्हिडिओ काढून पुन्हा रचायला घेतले. पिठाचा कण काढ, धार कमी कर, आजींसाठी रंग दे. दुर्बीण आठवडाभर उघडलीसुद्धा नाही. १० मे २०२४, अक्षय्य तृतीया. सकाळी आठला मी गच्चीवर कुरडयांच्या राखणीला होतो, गोधडीत, एप्रिलच्या सतरा तारखेच्या सूर्याची उजवी कड साफ करत. हिने डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाचा पुठ्ठ्याचा गॉगल कुठल्याशा कपाटातून शोधून आणला होता. ओरखडा नाही ना, हे तिने दोनदा पाहिलं, आणि डोळ्यांना लावला.

"अहो, सूर्यावर काहीतरी मोठं काळं आहे."

"गॉगलवर धूळ असेल," मी आतून म्हणालो.

"पुसलाय."

"मग आडवा फिरवून बघ. डाग गॉगलबरोबर फिरेल."

जरा वेळ शांतता. "फिरवला. उलटाही धरला. तो तिथेच आहे."

तो डागांचा समूह ३६६४ क्रमांकाचा होता, पंधरा पृथ्व्या शेजारीशेजारी बसतील एवढा. दुर्बिणीविना, नुसत्या पुठ्ठ्याच्या गॉगलमधून दिसणारा. त्याच रात्री त्याच्या उद्योगांनी जगभर ध्रुवप्रकाश पेटला, लडाखमधल्या हान्लेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही तो टिपला. हे सगळं मला नंतर समजलं. त्या वेळी मी सतरा एप्रिलची फाइल सेव्ह करत होतो, आणि ती अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर होती.

फाइल सेव्ह होईपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आल्या, सेक्रेटरी आले, वाळवणवाल्या चौघी आल्या आणि गॉगल हातोहात फिरायला लागला. आजी म्हणाल्या, "आता कसा तब्येतीने दिसतोय!" मी हात पुढे केला तर सेक्रेटरी म्हणाले, "रांगेत या." माझा नंबर आठवा लागला, वॉचमनच्या मागे. त्याने पाहून झाल्यावर गॉगल मला दिला नाही, हातातच धरून ठेवला.

"काका," तो म्हणाला, "आधी गोधडी काढा."